केस उपटणं: हात कधी उचलला जातो ते आधी शोधा

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी १४ वर्षांची, नववीत. सहा महिन्यांत टाळूवर दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा विरळ झाली. आधी चाई समजून तेलं लावली. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की केस गळत नाहीत, ती स्वतः उपटते. मुलगी आधी नाकारत होती, मग रडून कबूल झाली. घरी रागावून झालं, हातावर फटका देऊन झाला, केस कापून झाले. वडील म्हणतात सोंग आहे. आजी म्हणतात मुंडण करा म्हणजे विषयच संपेल. आईला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे वेड आहे का, गोळीने जाईल का, आणि घरी काय करायचं?

वेड नाही आणि सोंगही नाही. या आजाराला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ मध्ये दिलं. पुढे बराच काळ तो आवेग-नियंत्रणाच्या विकारांत, म्हणजे गरज नसताना चोरी करण्याच्या किंवा आग लावण्याच्या अनावर ऊर्मीच्या शेजारी, मोजला जाई. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणाने त्याला ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, नात्यातल्या आजारांत नेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही तो तिथेच, त्वचा कुरतडण्याच्या आजाराच्या जोडीला आहे. हे सांगायचं कारण असं की पत्ता बदलला म्हणून ओसीडीचा उपचार जसाच्या तसा लागू पडत नाही. ओसीडीत माणूस भीतीपोटी कृती करतो: हात धुतले नाहीत तर काहीतरी वाईट होईल. केस उपटताना अशी भीती बहुतेक वेळा नसते. तिथे एक तगमग असते, केस निघताच क्षणभर बरं वाटतं आणि मग लाज. त्यामुळे उपचाराची वाटही वेगळी आहे.

सुरुवात बहुधा १० ते १३ वर्षांच्या सुमारास होते, त्यामुळे तुमच्या मुलीचं वय अगदी नेहमीचं आहे. दर शंभरात एक-दोन जणांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. म्हणजे मोठ्या शाळेत ती एकटी नसण्याचीच शक्यता जास्त, फक्त बाकीच्याही तिच्यासारख्याच भांग बदलून आणि रिबीन बांधून झाकत असतात.

कुठलाही उपचार सुरू करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: उपटलेल्या केसाचं ती काय करते? टाकते, बोटांत घोळवते, ओठावरून फिरवते, मूळ दातांनी चावते की गिळते? हे रागाने विचारलंत तर उत्तर खोटं येईल. «काही मुलं केस तोंडात घालतात, तुझं तसं होतं का?» असं साधेपणाने विचारा. केस माणसाच्या पोटात पचत नाही. त्याच्या गुळगुळीत धाग्याला पुढे सरकायला पकड मिळत नाही, म्हणून तो जठराच्या घड्यांत अडकतो आणि वर्षानुवर्षं साचत त्याचा घट्ट गोळा होतो. थोडं खाताच पोट भरणं, मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं किंवा हाताला गाठ लागणं, वजन उतरणं, तोंडाला वास येणं, चेहरा फिका पडणं, यातलं काहीही दिसलं तर मानसोपचाराच्या आधी पोटाची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना «मुलगी केस गिळते» हे स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर अॅसिडिटीच्या गोळ्यांवर महिने जातात. मोठा गोळा दुर्बिणीतून सहसा निघत नाही, शस्त्रक्रिया लागते. गिळणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठाही तपासून घ्यावा.

त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केलंच आहे, तरी वडिलांची शंका जावी म्हणून फरक सांगते. चाईत जागा गोल आणि नितळ असते, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते. उपटण्यात कडा वेड्यावाकड्या असतात आणि बोटाला दोन दिवसांच्या दाढीसारखे खुंट टोचतात. खुंटांची लांबी एकसारखी नसते, कारण काही केस मुळापासून निघालेले असतात, काही मध्येच तुटलेले आणि काही नव्याने उगवत असतात. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, लावला की हे स्वच्छ दिसतं.

आता मूळ मुद्दा. घरातल्या सगळ्यांचं लक्ष केसांवर आहे: किती गेले, किती उरले, झाकतील का. उपचाराचं लक्ष मात्र हातावर असायला हवं. उपटणं ही एक कृती दिसते, पण खरं तर ती साखळी असते. कोपर टेबलावर टेकतं. डोकं हातावर येतं. बोटं केसांत शिरतात. मग चाचपणी सुरू होते, कारण तिला कुठलाही केस नको असतो: जाड, खरखरीत, वळलेला, «वेगळा» लागणारा हवा असतो. तो सापडला की अंगठा आणि तर्जनीत धरून, जरा ताणून, झटका. मग मुळाशी पांढरा ओलसर गोळा आहे का ते बघणं, ओठावर फिरवणं. ही साखळी शेवटच्या कडीला तुटत नाही. केस बोटांत आल्यावर «थांब» म्हणणं म्हणजे घसरगुंडीच्या मध्यावर थांबायला सांगणं. तोडायची ती पहिली किंवा दुसरी कडी.

उपटण्याचे प्रकार दोन आणि बहुतेकांत दोन्ही मिसळलेले. एक आपसूक: वाचताना, टीव्ही बघताना, मोबाइलवर एका हाताने सरकवताना दुसरा हात वर जातो आणि मांडीवर केस दिसेपर्यंत तिला पत्ताच नसतो. दुसरा जाणीवपूर्वक: ताण, राग, कंटाळा किंवा «इथला एक केस बरोबर नाही» अशी बोचणी, आणि मग बाथरूमच्या आरशासमोर वीस मिनिटं. «मला कळलंच नाही» हे तिचं म्हणणं पहिल्या प्रकारात शंभर टक्के खरं असतं. त्याला खोटारडेपणा म्हटलंत की दुसऱ्या प्रकाराबद्दल ती कधीच बोलणार नाही.

म्हणून पहिला आठवडा काहीही थांबवायचं नाही, फक्त नोंद. वही तिची, लिहिणार ती, तिच्या परवानगीशिवाय उघडायची नाही. प्रत्येक वेळेची एकच ओळ, पण तपशिलाने. उदाहरणार्थ: मंगळवार, रात्री ९:४०, अभ्यासाचं टेबल, डावं कोपर टेकलेलं, उजवा हात टाळूवर, बीजगणिताचं गणित अडलं होतं, डोक्यात «मला येतच नाही», आठ केस, ओठावर फिरवून टेबलाच्या मागे टाकले, नंतर वाईट वाटलं. रोज रात्री सगळं एकदम आठवून लिहिलं तर उपयोग नाही, त्याच वेळी लिहायला हवं. निघालेले केस मोजणं अवघड वाटलं तर दिवसाचं एक पाकीट करून त्यात टाकायचे. हे किळसवाणं वाटतं, पण दोन गोष्टी साधतात: आकडा खरा मिळतो, आणि केस पाकिटात जाणार असल्याने ओठावर फिरवण्याची शेवटची कडी गळते. काही मुलांचं उपटणं नुसत्या नोंदीनेच कमी होतं. त्याला बरं झालं समजून नोंद थांबवू नका, तो परिणाम फार टिकत नाही.

सात दिवसांची वही समोर ठेवली की नकाशा दिसतो. बहुतेकांचं बरंचसं उपटणं दोन-तीन जागी आणि दोन-तीन वेळांत असतं: अभ्यासाचं टेबल, झोपण्याआधीची अंथरुणातली वेळ, बाथरूम. लढाई तेवढ्याच जागांवर करायची असते.

इथून हॅबिट रिव्हर्सल, म्हणजे सवय उलटवण्याचा उपचार, सुरू होतो. अॅझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत १९७३ मध्ये मांडली आणि आजही या आजारात सगळ्यांत जास्त पुरावा तिच्याच बाजूला आहे. तिचे भाग तीन: जाणीव, विरोधी कृती आणि सोबतीची मदत.

जाणिवेचा सराव बैठकीत असा होतो. मुलगी हात सावकाश, चित्रपट हळू चालवावा तसा, डोक्याकडे नेते आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून काय जाणवतं ते बोलते: खांदा उचलला, कोपर वाकलं, बोटं पसरली. पहिला इशारा सापडेपर्यंत हे करायचं. कुणाचा इशारा कोपर टेकणं असतो, कुणाचा टाळूला येणारी झिणझिणी, कुणाचा कानामागे बट सारणं.

विरोधी कृती म्हणजे त्याच स्नायूंना दुसऱ्या कामात गुंतवणं. नेहमीची अशी: उपटणाऱ्या हाताची मूठ वळायची, कोपर कमरेला टेकवायचं, दंड बरगड्यांशी हलकेच दाबून धरायचा. पूर्ण एक मिनिट. तेवढ्यात तल्लफ ओसरली नाही तर आणखी एक. कृती अशी निवडायची की वर्गात कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, वस्तू शोधावी लागणार नाही आणि ती करताना केस उपटणं शक्यच नसेल. इशारा मिळाला की करायची, तल्लफ आली की करायची, आणि दोन केस उपटून झाल्यावर भान आलं तरीही तिथून करायची. हा शेवटचा भाग फार मुली सोडतात. «आता झालंच आहे» म्हणून पुढचे तीस जातात.

चुकतं कुठे? पहिली चूक, एका हातात मऊ चेंडू दिला जातो आणि दुसरा हात मोकळा राहतो. दुसरी, मूठ पाच सेकंदांत सुटते. तल्लफ लाटेसारखी चढते आणि उतरते, तिला उतरायला वेळ द्यावा लागतो. तिसरी, सराव फक्त तल्लफ आल्यावर होतो. शांत वेळी दिवसातून चार-पाच वेळा कोरडा सराव केला नाही तर गरजेच्या क्षणी हाताला काही आठवत नाही.

जोडीला जागा बदलायची. अभ्यासाला बसण्याआधी उपटणाऱ्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळायची. पकड जाते आणि केसाचा पोत कळत नाही. घरात डोक्याला सुती रुमाल किंवा टोपी. टाळूला तेल लावून वेणी घट्ट घातली तर केस बोटांतून निसटतो, म्हणून तेल इथे खरंच कामाचं आहे, औषध म्हणून नाही, निसरडं म्हणून. भुवयांचा चिमटा आणि मोठं करून दाखवणारा आरसा घराबाहेर. बाथरूमचा दिवा मंद, कडी न लावता पाच मिनिटांचा गजर. टेबलावर कोपर टेकू नये म्हणून पुस्तक उभ्या स्टँडवर. हे सगळं एकदम करू नका. वहीतल्या सगळ्यांत वाईट जागेसाठी दोन बदल निवडा आणि दोन आठवडे नेमाने पाळा.

बोटांना आणि ओठांना जे हवं आहे ते दुसरीकडून देणं हा भाग अनेकदा राहून जातो. तिला नेमकं काय आवडतं ते विचारा. निघतानाचा «टक्» हवा असेल तर भुईमुगाच्या शेंगा फोडायला, मटार सोलायला द्या. खरखरीत पोत शोधायची सवय असेल तर तागाचा दोरा, नारळाची शेंडी. ओठावर फिरवण्याचं सुख असेल तर रंगकामाचा मऊ ब्रश. वस्तू तिच्या जागेवर, हाताशी असायला हवी. कपाटातला ब्रश रात्री पावणेदहाला कुणी आणायला उठत नाही.

विचार आणि भावनांवरचं काम याच्या बरोबरीने चालतं. «एकच काढते», «हा वाकडा आहे, हा गेलाच पाहिजे», «आज इतकं वाईट गेलं, एवढं तर करू दे» ही वाक्यं ठरलेली असतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ती ओळखून तल्लफ तशीच राहू देता येते, हे शिकवायचं असतं. साधारण ८ ते १२ साप्ताहिक बैठकी, मग अंतर वाढवत काही महिने, असा हिशोब धरा.

गोळीबद्दल स्पष्ट बोलते, कारण इथे पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. केस उपटण्यासाठी खास मान्यता मिळालेलं औषध नाही. फ्लुओक्सेटिनसारख्या एसएसआरआय गटातल्या, नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, पण चाचण्यांत उपटणं कमी करण्यात त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यासाठी त्या जरूर घ्याव्यात. एन-ॲसिटिलसिस्टीन या अमिनो आम्लापासून बनलेल्या औषधाचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. २००९ मध्ये ५० प्रौढांवरच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत, दिवसाला १२०० ते २४०० मिलिग्रॅम मात्रेवर, ५६ टक्क्यांना बराच फायदा झाला, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत १६ टक्क्यांना. पण २०१३ मध्ये मुलांवर तीच चाचणी झाली तेव्हा औषधात आणि नकली गोळीत फरक आढळला नाही. १४ वर्षांच्या मुलीसाठी हा दुसरा निकाल जास्त महत्त्वाचा आहे. मेमँटिन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाचे २०२३ चे आकडे चांगले आहेत, तेही प्रौढांचेच. क्लोमिप्रामिन (नैराश्य-ओसीडीवरचं जुनं औषध) आणि ओलान्झापिन (मनोविकृतीवरचं औषध) अवघड, हट्टी आजारात मानसोपचारतज्ज्ञ विचारात घेतात. पहिल्याला हृदयाचा आलेख पाहावा लागतो, दुसऱ्याने वजन वाढतं. या वयात सुरुवात हॅबिट रिव्हर्सलसारख्या वर्तन-उपचारानेच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हा उपचार करणारी व्यक्ती शोधताना पाटी वाचून थांबू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवेत, आणि फोनवरच विचारा: केस उपटण्यावर हॅबिट रिव्हर्सल करता का, घरचा सराव देता का, पालकांना किती बैठकींना बोलावता? उत्तरात नुसतं «समुपदेशन करू, समजावून सांगू» आलं तर दुसरीकडे बघा. तिला समजावून सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, उपटू नये हे तिला तुमच्याआधीपासून कळतं. जवळ कुणी नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ती जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, स्वतःला कापून घेत असेल, खाणं-झोप सुटली असेल तर वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आता घर, म्हणजे सोबतीची मदत. «हात खाली घे» हे वाक्य आजपासून बंद, सगळ्यांच्या तोंडून. दिवसातून वीसदा ऐकलं की तिचा ताण वाढतो, ताणाने हात वर जातो आणि ती दार लावून बसायला लागते. त्याऐवजी तिलाच विचारा की आठवण करून दिलेली चालेल का, कुणी द्यायची आणि कशी. दोघींनी एक खूण ठरवा: टेबलावर पाण्याचा पेला ठेवणं, खांद्याला हलका स्पर्श. खूण दिली की तिथून निघून जायचं, बघत उभं राहायचं नाही. ती नको म्हणाली तर नको. शाबासकी केसांना द्यायची नाही, पद्धतीला द्यायची: «आज पट्ट्या न सांगता लावल्यास.» रोज टाळू तपासणं, फोटो काढणं, नातेवाइकांना दाखवणं नको.

आजींच्या मुंडणामागची माया खरी आहे, पण त्याने काम होत नाही. केस गेले तरी हाताची सवय तशीच राहते. दोन आठवड्यांत खुंट वर आले की बोटांना हवा तोच खरखरीत पोत डोकंभर मिळतो, किंवा हात भुवया-पापण्यांकडे वळतो. शिवाय चौदाव्या वर्षी शाळेत तसं जाणं ही शिक्षाच आहे. आजींना काम द्यायचंच असेल तर संध्याकाळचं तेल-वेणी त्यांच्याकडे सोपवा, गप्पा मारत, केसांबद्दल एक शब्द न बोलता.

वर्गशिक्षिकेला तिच्या संमतीने दोन ओळींचं पत्र द्या: वैद्यकीय कारणाने डोक्याला रुमाल बांधायला परवानगी असावी, वर्गात विचारणा नको. लग्नकार्यात कुणी विचारलं तर म्हणायचं वाक्य तिनेच ठरवून ठेवावं. «केसांचे उपचार चालू आहेत» एवढं पुरतं आणि ते खरंही आहे.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे टाळू झाकायला बरेच महिने लागणार. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा टप्पा सगळ्यांत फसवा. नवे केस आखूड, ताठ, खाजरे असतात, वेणीत बसत नाहीत आणि बोटांना सतत «इथे काहीतरी आहे» असं सांगतात. चांगलं चाललेलं असताना अनेक मुली नेमक्या इथे एका रात्रीत सगळी उगवण उपटून काढतात आणि घरात पुन्हा रडारड होते. हा टप्पा येणार हे तिला आजच सांगून ठेवा. त्या दिवसांत टाळूला व्हॅसलीन किंवा तेलाचा हात जास्त लावा, रुमाल झोपतानाही बांधा, पट्ट्या पुन्हा सुरू करा. तरीही रात्र वाईट गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढायची, सात दिवसांची नोंद पुन्हा करायची आणि थेरपिस्टना पुढच्या बैठकीची वाट न बघता फोन करायचा. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यातही हेच, काही बिघडलेलं नसलं तरी.